मूल घरी ठेवावे की संस्थेत?

शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एकाच तान्ह्या मुलावर हक्क सांगत आल्या, ही बायबलमधील कथा पुष्कळांना ठाऊक आहे. मुलाचे दोन तुकडे करून वाटून द्यावे अशी आज्ञा राजाने करताच, जिने मुलाचा जीव वाचावा म्हणून आपला हक्क सोडला तीच खरी आई ठरली. परंतु ज्यांच्यावर आज बालकल्याणाची जबाबदारी आहे, त्यांच्या वाट्याला असा एका क्षणात उलगडणारा प्रश्न क्वचितच येतो. तेथे आई एकच असते, मूलही एकच असते. आणि विचारायचे एवढेच असते, की हे मूल या घरात सुरक्षित आहे काय?

आपल्या देशात याचा निर्णय करण्याचा अधिकार 2015 च्या बालन्याय कायद्याने बालकल्याण समितीकडे दिला आहे. या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि सदस्यांत किमान एक स्त्री असावी लागते. गोव्यात याखेरीज 2003 चा स्वतंत्र बाल कायदाही आहे. निराधार, हरवलेले किंवा छळ झालेले मूल आढळल्यास, प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला समितीपुढे आणावे लागते. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता चौकशी करतो. ही चौकशी 15 दिवसांत आणि अंतिम आदेश 4 महिन्यांत व्हावा, असे कायदा सांगतो. समिती ते घर पाहते ते बहुधा या कार्यकर्त्याच्याच डोळ्यांनी. म्हणून त्याचा अहवाल हा केवळ कागद नसतो; एका बालकाचे पुढील आयुष्य त्यावर अवलंबून असते.

समजा, असा कार्यकर्ता दोन घरी गेला. पहिल्या घरात पिठाचा डबा रिकामा आहे, छप्पर गळते आहे, मुलाच्या अंगावर फाटका सदरा आहे. दुसऱ्या घरात डबे भरलेले आहेत आणि भिंती स्वच्छ सारवलेल्या आहेत. वरवर पाहणारा पहिल्या घरातील मूल उचलील. परंतु थोडा वेळ बसून पाहिले तर पहिल्या घरातील आई मुलाला वाढून मग उरलेले खाते, ते मूल रोज शाळेत जाते आणि पाहुणा आल्यावर आईच्या पदराआड लपते. दुसऱ्या घरातील मूल मात्र दारात बापाची चाहूल लागताच बोलायचे थांबते. गरिबी डोळ्यांना लगेच दिसते. भीती ओळखण्यास वेळ द्यावा लागतो.

येथेच कार्यकर्त्याच्या विवेकाची पहिली कसोटी लागते. तो बहुधा सुशिक्षित, नीटनेटक्या घरातून आलेला असतो आणि आपल्या घराच्या मापाने दुसऱ्याचे घर मोजण्याचा मोह त्याला होतो. केवळ दारिद्र्य हे मुलाला आईबापांपासून दूर करण्याचे कारण होऊ नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 साली मान्य केले. आपला कायदाही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. कुटुंबातच मूल वाढावे म्हणून गरजू कुटुंबास मुलामागे दरमहा 4000 रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत आहे. ज्या घरास असा आधार पुरेसा आहे, तेथील मूल संस्थेत धाडणे हा उपकार नव्हे. ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा आईला दोष देत न बसता त्यांनी तिला आसरा दिला. आणि त्यामुळे मुलांचे प्राण वाचले.

तथापि, कुटुंब पवित्र आहे म्हणून डोळे मिटून घेणेही तितकेच घातक आहे. हे दोन्ही धोके इंग्लंडने अनुभवले. मारिया कोलवेल ही मुलगी लहानपणापासून नातलगांकडे वाढली. पुढे तिला जन्मदात्या आईकडे परत पाठविण्यात आले. आणि जानेवारी 1973 मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, सावत्र बापाच्या मारहाणीत तिचा अंत झाला. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, शिक्षकांनाही काळजी वाटली होती. पण प्रत्येकाजवळची माहिती एकत्र जुळली नाही. याउलट 1987 साली क्लीव्हलंड येथे अवघ्या काही महिन्यांत 121 मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान मुख्यतः वैद्यकीय तपासणीवरून झाले आणि पुष्कळांना घरातून हलविण्यात आले. पुढे त्यांतील बहुतेक मुले घरी परतली. एकीकडे मूल ठेवण्याची चूक झाली, दुसरीकडे नेण्याची घाई झाली. एका चुकीने घाबरून दुसरी करणे म्हणजे विवेक नव्हे.

मग विवेक कशात आहे? आपण काय पाहिले, काय ऐकले आणि त्यावरून काय अनुमान केले, हे कार्यकर्त्याने अहवालात वेगवेगळे लिहिण्यात आहे. शेजाऱ्याची तक्रार मनापासूनची असेल, किंवा जागेच्या भांडणातून आलेली असेल. ती टाकूही नये आणि पारखल्यावाचून स्वीकारूही नये. मुलाशी वडील माणसांच्या गैरहजेरीत, त्याच्या भाषेत व त्याच्या गतीने बोलावे. ‘घरी जायचे आहे’ असे मूल म्हणाले, तर ते मायेने म्हणते की धाकट्या भावंडाच्या काळजीने, हेही समजून घ्यावे. वेळेचेही भान हवे. मोठ्या माणसास चार महिने थोडे वाटतात; तीन वर्षांच्या मुलाला तेवढ्यात आईचा आवाज परका होऊ लागतो. निर्णय लांबविणे हादेखील एक निर्णयच असतो.

हे सर्व एकट्याने पेलण्यासारखे नाही. ज्याच्या हाती कामाचा ढीग आहे, त्याची दुसरी भेट राहून जाते. आणि पहिल्या भेटीत झालेला ग्रह दुरुस्त होतो तो दुसऱ्याच भेटीत. म्हणून अनुभवी सहकाऱ्यापुढे आपला निष्कर्ष मांडून तो तपासून घेण्याची सोय प्रत्येक कार्यकर्त्याला हवी. त्याला फिरण्यास वेळ हवा, आणि चूक ध्यानात आल्यास मत बदलण्याची मोकळीकही हवी.

समाजाचा वाटाही यात लहान नाही. वर्गात एकाएकी अबोल झालेले मूल प्रथम शिक्षकाला दिसते. रात्रीचे रडणे प्रथम शेजारी ऐकतो. 1098 हा क्रमांक फिरविणे म्हणजे चुगली करणे नव्हे. आणि मूल घरी परतल्यावर त्या घराची नालस्ती न करता त्याला हात देणे, हेही शेजारधर्मातच मोडते. आदेशावर सही होते तेव्हा समितीचे एक काम संपते. त्या मुलाला मात्र त्या रात्री कोणत्या तरी छपराखाली निर्धास्त झोप लागायला हवी, आणि ती लागली की नाही हे कोणीतरी पुन्हा जाऊन पाहायला हवे.