घरातली ओल आणि आपला श्वास



आपण घर झाडतो, पुसतो, भांडी लखलखीत ठेवतो. पण घरातल्या हवेकडे सहसा कोणी पाहात नाही. आषाढ-श्रावणात कपाट उघडले की कुबट वास येतो. ती बुरशीची वर्दी समजावी. लोणच्यावर धरते तशी ती भिंतीवर, गादीखाली, ट्रंकेमागेही धरते. तिचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर मात्र आत जातात. दमेकऱ्यांना त्यांचा त्रास अधिक.

माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला दर पावसाळ्यात धाप लागे. डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, "मूल निजते कुठे?" पलंग सरकवला, तो मागची भिंत काळी! आत नळ पाझरत होता. तो दुरुस्त केला, मुलाची निजण्याची जागा बदलली. औषध सुटलेले नाही. पण यंदा रात्रीची जागरणे कमी झाली.

परीक्षा घरीच करता येते. भिंतीवर पांढरे दिसले तर थेंबभर पाणी लावावे. विरघळले तर बहुधा तो खार. न विरघळले तर बुरशीची शंका घ्यावी. ओल कोठली, हे पाहायला भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आत पाणी धरले तर ओल भिंतीतली; बाहेरून धरले तर घरातल्या वाफेची. पहिलीला गवंडी हवा, दुसरीला खिडकी. बाजारात आर्द्रतामापक मिळतो. तो ६० टक्क्यांच्या आत असावा. भर पावसात हे कठीण, म्हणून उघडीप मिळताच खिडक्या उघडाव्यात, कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत, भिजलेली गादी २४ ते ४८ तासांत वाळवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हेच सांगितले की, ओल टिकू न देणे हाच मुख्य उपाय. नुसता रंग फासल्याने बुरशी झाकते, जात नाही. लहान डाग नाकातोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने घासावा आणि जागा कोरडी करावी. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे ॲसिड मात्र कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

सारी भिस्त नाकावरही नको. गॅसच्या गीझरमधून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. न्हाणीघरात गीझर असेल तर तो बाहेर बसवून घ्यावा.

तेव्हा भगिनींनो, येत्या रविवारी प्रत्येकीने एक कपाट तरी सरकवून पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.