लोहाची उणीव आणि रक्तातील बिंबिका
(धनज येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ज्या मांडवात आज उपवर मुलामुलींचा परिचय झाला, त्याच मांडवात रक्ताविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा दिल्याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. मुलीचा गोरेपणा आपण नाणावून पाहतो. तिच्या पापणीच्या आतील फिकटपणा मात्र कोणी पाहत नाही.

डेंग्यूच्या साथींमुळे 'प्लेटलेट', म्हणजेच रक्तबिंबिका, हा शब्द घरोघर पोचला आहे. एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असाव्यात. आकडा उतरला की भय आणि चढला की आनंद, असे आपले गणित होऊन बसले आहे. गतवर्षी माझ्या भाचीच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७ आणि बिंबिका ६ लाख निघाल्या. आमचे भाऊजी म्हणाले, "प्लेटलेट तर भरपूर आहेत, मग चिंता कसली?" वरच्या ओळीतील सातावर त्यांची दृष्टीच गेली नव्हती. स्त्रीला तेथे निदान १२ हवेत.

वस्तुतः तो सहा लाखांचा आकडा हेच उणिवेचे एक लक्षण होते. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी आणि बिंबिका एकाच मूळ पेशीपासून निपजतात. तांबड्या पेशीला लोह फार लागते. ते मिळाले नाही की, एका वाफ्याचे दार बुजल्यावर पाटाचे पाणी शेजारच्या वाफ्यात शिरावे, तसा मूळ पेशींचा ओढा बिंबिकांकडे वळतो. ही वाढ म्हणजे बळ नव्हे. क्वचित तीतून रक्ताची गुठळीही संभवते. उणीव पराकोटीला गेली तर उलट बिंबिका घटल्याचेही आढळते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मासिक स्राव, बाळंतपणे, ओल्या मातीत अनवाणी चालल्याने होणारे अंकुशकृमी, जेवणावर लगेच घेतलेला चहा, अशा अनेक वाटांनी लोह उणे होते. सर्वांची पाने उठल्यावर जेवणारी सून आपल्या घरांत अजून आहे, हे मला सखेद सांगावे लागते. तुरीचे वरण, पालेभाजी आणि वर लिंबू हे उत्तमच. परंतु सातावर आलेले रक्त केवळ आहाराने भरून येत नाही. त्यास औषधच हवे. मात्र आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजारही आहे. म्हणून आधी फेरिटिन आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्या करून घ्याव्या. शाळेत आठवड्यास मिळणारी निळी गोळी मुलींनी टाकून देऊ नये. तिने शौचास काळे होते. ते रक्त नव्हे. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने औषध चालू ठेवावे लागते. उतारवयात लोह घटले, तर पोटात कोठे रक्तस्राव आहे काय, हे अवश्य शोधावे. आणि लोह भरून आल्यावरही बिंबिका चढलेल्याच राहिल्या, तर तज्ज्ञांस दाखवावे.

भाचीने औषध नेमाने घेतले. चार महिन्यांनी बिंबिका तीन लाखांवर आल्या, तेव्हा भाऊजी घाबरून मजकडे आले, "अहो, प्लेटलेट निम्म्याने उतरल्या!" मी त्यांचे बोट धरून वरच्या ओळीवर ठेवले. तेथे १२ चा आकडा होता.