अपंगत्व आले म्हणून सेवा संपत नाही
(व्याख्यानाचा मजकूर)



रत्नागिरी जिल्ह्यातील पावसाळा शासकीय सेवकांची कसोटी पाहणारा असतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील घरांची व बागायतींची दाणादाण उडविली. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अशा आपत्तीत पोलीस, तलाठी, ग्रामसेवक, नगरपरिषदेचे अग्निशामक, वायरमन आणि आरोग्य कर्मचारी यांना इतरांच्या आधी घराबाहेर पडावे लागते. या धावपळीत एखाद्याच्या पाठीचा कणा दुखावतो, एखाद्याचा पाय कायमचा निकामी होतो. आपत्ती ओसरते, त्या सेवकाच्या कुटुंबापुढील प्रश्न मात्र तेथून सुरू होतो.

या प्रसंगी सेवकाला बहुधा एकच सल्ला मिळतो : "आता काम होणार नाही, रुग्णता निवृत्तीचा अर्ज करा." सल्ला देणाऱ्याच्या मनात सहानुभूतीच असते. परंतु कायद्याने आखून दिलेला क्रम निराळा आहे. आधी सेवेचे संरक्षण आणि मग निवृत्तिवेतन, असा तो क्रम आहे. कार्यालय प्रमुखांनी आणि खुद्द सेवकाने तो ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या कलम २० अन्वये, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कोणत्याही शासकीय आस्थापनेला सेवेतून कमी करता येत नाही अथवा त्याची पदावनती करता येत नाही. मूळ पदाचे काम त्यास झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह त्यास दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. असे पद उपलब्ध नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा तो नियत वयोमानाने निवृत्त होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, त्यास अधिसंख्य पदावर ठेवावयाचे असते. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारण्यासही या कलमाने मनाई केली आहे.

हे संरक्षण १९९५ च्या अधिनियमातही होते. कुणाल सिंग विरुद्ध भारतीय संघराज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २००३ रोजी त्याचा अर्थ स्पष्ट केला. सेवेत असताना डावा पाय गमावलेल्या एका शिपायास कायमचा असमर्थ ठरवून सेवामुक्त करण्यात आले होते. रुग्णता निवृत्तिवेतन मिळू शकते एवढ्या कारणावरून अधिनियमाचे संरक्षण हिरावून घेता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

कामाचे स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेस या कलमातून सूट देण्याचा अधिकार शासनास आहे. केंद्र शासनाने २०२१ मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदांना तशी सूट दिली. म्हणून आपल्या आस्थापनेस कोणती अधिसूचना लागू आहे, हे प्रथम पाहणे इष्ट ठरते.

या क्रमाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ३६ वर्षे वयाच्या आणि १२ वर्षे सेवा झालेल्या एका प्राथमिक शिक्षकाची वाणी अपघातात गेली. त्याने घाईने रुग्णता निवृत्ती पत्करली, तर त्याचे निवृत्तिवेतन त्या वेळच्या वेतनावर ठरेल. तोच शिक्षक कार्यालयीन पदावर सामावला गेला, तर वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत २२ वर्षांचे वेतन, वेतनवाढी आणि वाढलेली सेवा त्याच्या पदरी पडेल. घरातील मुलांचे शिक्षण या निर्णयावर अवलंबून असते.

अर्थात, कोणतेही काम करणे खरोखरच अशक्य झाले असेल, तर रुग्णता निवृत्तिवेतन हाच आधार ठरतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये त्याची तरतूद आहे. सेवक शारीरिक वा मानसिकदृष्ट्या कायमचा असमर्थ झाल्याचे सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हा त्याचा पाया होय. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना हे नियम लागू नसल्यामुळे हा आधार दीर्घकाळ नव्हता. राज्य शासनाच्या ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतील कर्मचाऱ्यांनाही रुग्णता निवृत्तिवेतन व रुग्णता उपदान देण्याची, तसेच सेवेत असताना मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाची व्यवस्था झाली.

एस. टी. महामंडळाच्या कर्मचाऱ्यांना १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. सेवेत असताना कायमचे व संपूर्ण अपंगत्व आल्यास, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी या योजनेत निवृत्तिवेतन मिळू शकते.

कर्तव्य बजावताना झालेल्या इजेबद्दल अधिक लाभ मागावयाचा असेल, तर इजा आणि कर्तव्य यांचा संबंध सिद्ध करावा लागतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत अग्निशामकास जडलेले काही आजार सेवेमुळेच जडले, असे कायदा गृहीत धरतो. आपल्याकडे मात्र कागद बोलका असावा लागतो. सेवकास कोणत्या आदेशाने, कोठे आणि किती वाजता पाठविले, अपघात कसा झाला, सोबत कोण होते, याची नोंद त्याच दिवशी व्हावी. पंचनामा, रुग्णालयातील पहिल्या तपासणीची नोंद आणि वरिष्ठांना पाठविलेला अहवाल यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. पुराच्या रात्री आदेश तोंडी दिले जातात. पाणी ओसरताच ते लेखी करून घेणे हे कार्यालय प्रमुखांचे कर्तव्य आहे. सहा महिन्यांनंतर आठवणीवर लिहिलेला अहवाल पहिल्या दिवसाच्या टिपणाची जागा घेऊ शकत नाही.

अन्याय झाल्यास दाद मागण्याचा मार्गही अधिनियमातच आहे. प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमावयाचा असून तक्रार नोंदविल्यापासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हावयास हवी. तेथे समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही गाऱ्हाणे मांडता येते.

शेवटी, पंचायत सदस्यांनी विचारात घ्यावी अशी एक बाब. गावात सर्वांत आधी धावून जाणारे पोलीस पाटील मानधनावर आणि होमगार्ड भत्त्यावर काम करतात; १९८२ च्या नियमांचे छत्र त्यांच्यावर नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्त्यावर अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख रुपयांचे आणि कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी एक लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हे विमाछत्र जून ते मे या वर्षासाठी असते. म्हणून मे महिन्यात नालेसफाई आणि दरडप्रवण वाड्यांची पाहणी होते, त्याच बैठकीत या सेवकांच्या विम्याचाही आढावा घ्यावा. गाव ज्यांच्या भरवशावर पावसाळ्यास सामोरे जाते, त्यांच्यासाठी एवढी तजवीज करणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे नाही.