पिशवीला गाठ मारण्याआधी



आपल्या घरांत पाकीची केवढी काळजी घेतली जाते! पण कचऱ्याची पिशवी उंबऱ्याबाहेर गेली, की ती कोणाच्या हातात पडते हे आपण विचारत नाही. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या कचरागाडीवरच्या दादांच्या तळहातात काच घुसली. सहा टाके पडले. कंत्राटदार म्हणाला, "औषधपाणी तुझं तू बघ." चार दिवसांची मजुरीही बुडाली. त्याच आठवड्यात आमच्या घरातला एक फुटका ग्लास नुसताच पिशवीत टाकला होता. ती काच आमचीच नव्हती, हे मी कशाच्या जोरावर सांगू?

याला किस्मत म्हणू नका. पिशवीतली काच आणि इन्सुलिनची सुई आपण टाकतो. मागच्या पायरीवर लटकत जायची वेळ आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रात हात सापडण्याची भीती कामाच्या पद्धतीतून येते. हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट मिळतात की नाही हे पाहणं २०१६च्या घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थेवर सोपवलं. कंत्राटी कामगार जखमी झाला तर मूळ काम देणाऱ्याकडूनही भरपाई मागता येते, हे तत्त्व तर १९२३च्या कायद्यापासूनचं आहे. पण 'हा आमचा माणूसच नाही' म्हटलं, की सगळं कागदावर राहतं. म्हणून कायम नोकरीची लढाई ही सुरक्षिततेचीही लढाई आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघ ती वर्षानुवर्षं लढला. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये उचलून धरला.

आपण काय करायचं? काच जाड कागदात गुंडाळा. सुया झाकणाच्या जाड बाटलीत भरा आणि सांगून वेगळ्या द्या. बकरी ईदला हाडं, सुऱ्यांची तुटकी पाती एकाच पिशवीत कोंबू नका; त्या दिवशी आपण नवे कपडे घालतो, तेव्हा गाडीवरच्यांचं ओझं दुप्पट असतं. कोणाला सुई टोचली तर जखम दाबू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालयात न्या. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

आणि नगरसेवक मोहल्ल्यात आले, की गटारीबरोबर हेही विचारा: गाडीवरच्या माणसांना हातमोजे कधी दिले? जखमी झाल्यावर पगार दिला का?

उद्या सकाळी गाडी येईल. पिशवी देताना त्या दादांचं नाव तरी विचारा.