नाशिककरांचा जवळचा समुद्र : बोर्डी

नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हारमार्गे डहाणूजवळची बोर्डी गाठता येते. वाटेत जव्हारचा जयविलास राजवाडा जरूर पाहावा.

बोर्डीचा किनारा सपाट, सुरूच्या सावलीचा. ओहोटीला पाणी दूरवर सरते, तेव्हा ओल्या वाळूत लांबवर चालावे, मुलांनी मनसोक्त खेळावे. पण सपाट किनाऱ्यावर भरती झपाट्याने चढते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते, म्हणून रोजची वेळ बदलते. ती गावातल्या कोळीबांधवांना विचारूनच पाण्यात उतरा. पावसाळ्यात मात्र उतरूच नका.

याच परिसरातल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परतताना तो थेट बागायतदारांकडून घ्या आणि आपला कचरा आपल्यासोबत परत आणा.