आधी ओवी, मग अर्थ



सेनगावच्या वाचकांनी मला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं आहे. मागच्या रांगांत मोबाइल हातात धरून बसलेल्या माझ्या तरुण मित्रांनो, मोबाइल आत ठेवू नका. आज त्याच्याविषयीच बोलायचं आहे. अध्यक्षानं वाचन घटल्याची खंत करावी, सगळं खापर मोबाइलवर फोडावं आणि टाळ्या घेऊन बसावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो आज मोडतो. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे बहुतेक वेळा वह्या, गाइडं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. चांगली कादंबरी आल्याची खबर इथल्या पोराला देणार कोण? रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण त्याच्यापर्यंत पोचत नाही, रील मात्र रोज पोचतं. तेव्हा ते पुस्तकाच्या कामी कसं लावायचं, याचा विचार आपणच केला पाहिजे.

बाहेरच्यांनी काय केलं ते आधी पाहू. नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीवर २००१ साली एक विनोदी प्रवेश दाखवला गेला. पुढं यूट्यूबवरून तो जगभर फिरला. मध्ययुगातला एक साधू टेबलाशी हताश होऊन बसलाय. जन्मभर गुंडाळीवरचं वाचलेलं. आता समोर पुस्तक नावाचं नवंच यंत्र आलंय आणि ते उघडायचं कसं, हे त्याला कळेना. मदतनीस येतो, पुठ्ठा उघडतो, पान उलटून दाखवतो. साधूच्या मनात धास्ती एकच : हे मिटलं तर आतला मजकूर जाणार तर नाही? पाहताना आपल्याला घरातले आजोबा आठवतात, ‘फोटो गेला तर नाही ना रे’ म्हणून नातवाला विचारणारे. हसता हसता ध्यानात येतं, की पुस्तकालाही कधीकाळी माणसं अशीच बिचकली असतील.

दुसरा व्हिडिओ २०१२ सालचा, ‘द जॉय ऑफ बुक्स’. टोरंटोतलं ‘टाइप’ हे पुस्तकांचं दुकान रात्री बंद होतं आणि फडताळावरची पुस्तकं नाचू लागतात. पुस्तक हातानं जरासं सरकवायचं, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायचं, असं रात्री जागवून केलेलं हे काम आहे. या दोन्हींत ‘वाचाल तर वाचाल’ छापाचा उपदेश औषधालाही नाही. पुस्तकाशी खेळणारी माणसं दिसतात आणि आपल्यालाही त्या खेळात शिरावंसं वाटतं.

आपणही काही कमी नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन करून माणसं हसवली आणि मराठी कथेला वाचक मिळवून दिले. हेच मिरासदार १९९८ साली आपल्या मराठवाड्यात, परळीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आज त्यांचं कथाकथन यूट्यूबवर ऐकणाऱ्या कित्येकांचा जन्म त्यानंतरचा आहे. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली, तीही आपल्या मराठवाडी बोलीत. मधुराणी प्रभुलकर यांनी ‘कवितेचं पान’मधून कविता मोबाइलच्या पडद्यावर आणली. आणि आपल्याच जिल्ह्यातले, वसमत तालुक्यातल्या रिढोऱ्याचे इंद्रजित भालेराव कविता म्हणू लागले, की ‘पीकपाणी’ हातात न घेतलेला माणूसही मान डोलावतो. आपली बोली गावंढळ वाटेल, ही भीती या मंडळींनी कधीच निकालात काढली आहे.

मग खोट कुठं आहे? ‘दहा मिनिटांत मृत्युंजय’ असल्या व्हिडिओंत. मागं ढणाढणा संगीत, यंत्राचा कोरडा आवाज, कर्णाच्या आयुष्यातल्या घटना भराभर सांगून मोकळे. पाहणाऱ्याला वाटतं, पुस्तक झालं. शिवाजी सावंतांचं एक वाक्यही त्याच्या कानावर पडलेलं नसतं.

यावर उपाय आपल्या मारुतीच्या पारावर होता. श्रावणात पोथी लागायची. ‘हरिविजय’ असो की ‘पांडवप्रताप’, एकानं श्रीधराची ओवी वाचायची आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. अर्थ सांगणारा बेरकी असायचा. कंसाच्या दरबाराचं वर्णन करताना गावातल्या सावकाराकडं हळूच बघायचा आणि पार खदखदायचा. करमणूक होतीच, पण शिस्त अशी, की आधी ओवी, मग अर्थ. मूळ शब्द कानावर पडल्याशिवाय कुणी पुढं जात नसे. म्हणूनच गोष्ट तोंडपाठ असूनही पुढच्या श्रावणात पोथी पुन्हा लागायची. पुस्तकाच्या प्रत्येक व्हिडिओला मी हीच कसोटी लावतो : यात लेखकाचं वाक्य ऐकू आलं का?

ते ऐकवताना लेखकाचा हक्क सांभाळला पाहिजे. हयात लेखकाची अख्खी कादंबरी वाचून यूट्यूबवर चढवणं म्हणजे वाचनसेवेच्या नावाखाली केलेली चोरी. एखादा परिच्छेद वाचा, जास्त हवं तर परवानगी मागा. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, तेव्हा ‘श्यामची आई’ आता सर्वांची आहे. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. २०२३ अखेर ती मुदत संपली. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी जोशींचा चिमणराव घराघरांत नेला. आता सेनगावच्या पोरांनी तो आपल्या ढंगात वाचायला कुणाची आडकाठी नाही.

आणखी एक गोष्ट, ग्रंथालय चालकांना थोडी झोंबेल अशी. व्हिडिओ पाहून पोरगं पुस्तक मागायला आलं आणि कपाटाची किल्ली सापडेना, तर ते आवतण देऊन घराला कुलूप लावल्यासारखं होईल. आपल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांकडं जाहिरातीला पैसा नाही, हे मला ठाऊक आहे. पण फोन सगळ्यांकडं आहे आणि पुस्तकं कपाटात आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रंथालयानं आणि शाळेनं आठवड्याला एक व्हिडिओ करावा, एका मिनिटाचा. पोरांना करू द्या, त्यांच्या बोलीत, त्यांच्या वात्रटपणासकट. शिक्षकांनी फक्त उच्चार आणि लेखकाचं नाव तपासावं. सुरुवात पुस्तकातल्या वाक्यानं करा, मग काय गंमत करायची ती करा, गोष्टीचा शेवट मात्र फोडू नका. अखेरीस पुस्तक कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या कपाटात मिळेल आणि ग्रंथालय किती वाजता उघडतं, एवढं स्पष्ट सांगा. किती लोकांनी पाहिलं, हा आकडा मोजत बसू नका. देवघेवीच्या रजिस्टरात त्या आठवड्यात किती नवी नावं चढली, ती मोजा. पहिला व्हिडिओ याच आठवड्यात करा, आणि ग्रंथालय वेळेवर उघडं ठेवा.