समासात लिहावयाचा प्रश्न

नवस्नातकांनो,

बिदरच्या ज्या नौबादच्या भूमीवर आज आपण जमलो आहोत, तिच्या पोटातून बहमनी काळी खोदलेला भुयारी कालवा जातो. मुरलेले पाणी टिपून घेणारा, उन्हाची झळ लागू न देता ते वस्तीकडे नेणारा आणि गाळ उपसता यावा म्हणून ठिकठिकाणी उभ्या विहिरी राखणारा. दुष्काळ पडल्यावर कालवा खणावयास घेऊन भागत नाही, हे त्या कारागिरांस ठाऊक होते. आपल्या पतपुरवठ्याच्या दप्तरास ते अद्याप उमगलेले नाही, ही माझी तक्रार. आणि उद्या त्याच दप्तरांत खुर्चीवर बसणाऱ्या तुमच्यापुढे ती मांडण्याची संधी मी दवडू इच्छीत नाही.

आपल्या बिदर-कलबुर्गीकडील खाद्यव्यवसाय म्हणजे ज्वारीच्या कडक भाकरी थापणाऱ्या बाया, शेंगांची चटणी कुटणारी घरे, तुरीची डाळ भरडणाऱ्या गिरण्या. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, हे भूषणावह खरेच. परंतु तूर कडाडली म्हणजे नव्या खरेदीस लागणारी रोकड मानांकनातून निघत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत अन्नपदार्थांवर बंदी नव्हती; तथापि खानावळी, वसतिगृहे आणि बसस्थानके ओस पडताच भाकरीचे गिऱ्हाईक नाहीसे झाले, मागील उधारी अडकली, आणि पीठ विकत घेण्याचे पैसे घरातल्याच खाण्यात गेले. असा व्यवसाय तोट्याने हळूहळू खंगत नाही. वहीत नफा दिसत असतानाच तो हातातल्या रोकडीअभावी एका पंधरवड्यात बसतो.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला, ही लिज्जतची कथा आपणांस परिचित आहे. तिच्यातील पहिल्या पावसाळ्याकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. पापड गच्चीवर वाळत, आणि पावसाने त्यांचे काम चार महिने बंद पाडले. पुढील वर्षी त्यांनी खाट आणली, पापड खाटेवर पसरले, खाली स्टोव्ह पेटविला, आणि पावसाळा निभावून नेला. कोणत्याही तज्ज्ञसमितीच्या अहवालाविना सुचलेली ही योजना मला पुष्कळशा अहवालांहून मोलाची वाटते. शिवाय तोट्यातही देणगी घ्यावयाची नाही, हा त्यांचा निर्धार होता. १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्यांस आठ लाखांचे खेळते भांडवल दिले, ते चालत्या कामाच्या हक्काने, दया म्हणून नव्हे.

२०२० मध्ये केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आणली, तीत प्रकल्पखर्चाच्या पस्तीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, अनुदानाची तरतूद केली. आणि बचतगटाच्या सभासदास खेळत्या भांडवलासाठी व लहान अवजारांसाठी चाळीस हजारांपर्यंतचे बीजभांडवल. यंत्राचे छायाचित्र निघते, उद्घाटन होते, म्हणून सगळ्यांची दृष्टी त्या दहा लाखांवर. मला चाळीस हजार अधिक किमतीचे वाटतात. भाकरीच्या यंत्राचा हप्ता बंदीच्या काळातही चुकत नाही. दोन पोती ज्वारी, तेल, पिशव्या यांसाठी राखलेली रक्कम मात्र व्यवसाय पुन्हा उभा करू शकते.

जुन्या अमदानीत शेतकऱ्यास तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळे, पण पुष्कळदा दरखास्त, पंचनामा आणि मंजुरी यांत पेरणीचा हंगाम टळे. तीच रीत आज संगणकावर चालावी, हे शोभत नाही. बचतगटांना बँकेशी जोडण्याचे काम बिदरच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने देशाने दखल घ्यावी अशा रीतीने केले. तेव्हा संकटापूर्वीच पत ठरवून ठेवावी, आणि बंदी येताच स्त्रीने नव्या जामिनाविना ती उचलावी, ही मागणी या जिल्ह्यात तरी स्वप्नवत म्हणता येणार नाही.

अशा व्यवसायाची कर्जाची दरखास्त तुमच्यापुढे येईल तेव्हा उत्पन्न, तारण, जागेचा उतारा हे सारे रकाने भरलेले असतील. विक्री थांबली तर घरातली रोकड किती दिवस पुरेल, हे विचारणारा रकाना बहुधा नसेल. तो प्रश्न तुम्ही अर्जदारास तोंडी विचारा, आणि उत्तर पेन्सिलीने समासात लिहून मगच कागद वरिष्ठांकडे पाठवा.